निळसांगवीचा टँकर

पंचशीलानं टँकरची नोंद उघडली आणि पुन्हा वाचली. निळसांगवी. टँकर रवाना.

निळसांगवी नावाचं गावच नव्हतं. पाणीवाटपाचा प्रोग्राम तपासायला तिनंच कोड लिहिला होता. तो नावांचे तुकडे जोडून खोटी गावं बनवायचा, त्यांना नकाशावरची कुठलीही जागा द्यायचा आणि डेटाबेसमध्ये भरायचा. चाचणीचा डेटाबेस वेगळा होता. काल घाईत कोड चालला तो खऱ्यावर.

बाकीच्या खोट्या नोंदी तिनं पुसल्या. पण हा टँकर लातूरहून देवणीपलीकडच्या एका माळाकडं सुटला होता.

त्या उन्हाळ्यात हंडाभर पाण्यावरून डोकी फुटत होती.

"सर, चूक झाली," ती तिच्या वरिष्ठांना, सिद्धलिंग सरांना म्हणाली.

सरांनी आधी दार लावलं. "माळावर पाणी सांडलं तर लोक आपल्याला जित्तं सोडणार न्हाईत. टँकर अडव."

शेषेराव ड्रायव्हरचा फोन लागेना. तिनं स्कूटी काढली. देवणीच्या अलीकडं फोन लागला.

"शेषेराव, टँकर कुठंय?"

"रिकामा झाला की, ताई. वाटंतच लोक उभे व्हते. निळसांगवी कुठं म्हणलं, तर हीच म्हणले."

तिनं स्कूटी कडेला घेतली. ते नाव तर यंत्रानं जुळवलेलं होतं.

ती तशीच पुढं गेली. माळावर पत्र्याची घरं होती. दारोदार भरलेल्या घागरी, कळशा, तेलाचे डबे. बाया तिला बघून घागरी दाराआड सारू लागल्या. नागुबाई नावाची एक म्हातारी पुढं आली.

"ही निळसांगवी?" पंचशीलानं विचारलं.

"हाव."

"कधीपासून?"

"सासऱ्याच्या काळापासून."

पंचशीलानं फोनवरचा नकाशा पुढं केला. "मग सरकारी नकाशात का नाही?"

"देवणीवाले म्हणत्यात उदगीरला जावा. उदगीरवाले म्हणत्यात, उदगीरचा नवा जिल्हा होऊ द्या, मग बघू."

पंचशीला वळली. काय खरं, काय खोटं, तिला कळेना.

म्हातारी मागून आली. तिनं पंचशीलाचा हात धरला.

"बाई," ती कानाशी बोलली, "ते निळ-कायसं नाव जरा नीट सांगून जावा. उद्या टँकरवाल्यानं इचारलं, तर आमच्या वस्तीला काय म्हणायचं?"