ठसा उमटेपर्यंत

बावीस वर्षं जहाजावर दोर ओढून आणि गंज खरवडून खलाशाच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. ओळखपत्राच्या यंत्रावर त्याने पाचदा अंगठा दाबला, पण ठसा काही उमटेना.

"नवा नियम साऱ्या जगाचा आहे, काका. ठशाशिवाय कार्ड नाही, कार्डाशिवाय जहाज नाही," कारकून म्हणाला. "तीन महिने दोराला शिवू नका, नवी कातडी येईल."

खलाशी हातावर हात ठेवून घरी बसला. बायको त्याच्या तळहातांना रोज तेल चोळायची, पाण्याची बादलीसुद्धा उचलू द्यायची नाही. चौथ्या महिन्यात ठसा लख्ख उमटला. कार्ड घेऊन तो तडक भरतीच्या रांगेत उभा राहिला.



जहाजावर माणसं घेणाऱ्या सारंगाने कार्डाकडे बघितलंही नाही. त्याने खलाशाचे तळहात दाबून पाहिले आणि म्हणाला, "हे हात खलाशाचे नाहीत. चला, पुढचा कोण?"