भरदिवसा लावलेलं दार

आनंदानं भर सकाळी दार लावलं, तिथंच चुकलं.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. पडदा सोडतात. फार तर कपडे बदलायला घटकाभर कडी घालतात. त्याहून जास्त वेळ दार बंद राहिलं, तर माणसं गावाला गेली असं समजायचं, आणि बाहेरून कुलूप नसेल, तर आत हाणामारी चालू आहे. तिसरं कारण नव्या जोडप्याचं. पण आनंदा आणि प्रितीच्या लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती, तेव्हा ते कोणी धरलंच नाही.

आत प्रिती मोरीजवळ पाटावर बसली होती. खांद्यांवर टॉवेल, खाली जुनी चादर. पहिल्या केमोनंतर केस हातात येऊ लागले होते, आणि आज उठली तर उशी काळी झालेली.

"काढून टाका सगळे," ती म्हणाली. "रोज थोडे थोडे जाताना नाही बघवत."

आनंदानं लपवून आणलेला ट्रिमर पिशवीतून काढला. चाळीत कोणाला कळता कामा नये, ही तिची पहिल्या दिवसापासूनची अट. खालच्या मजल्यावरच्या बाईला हाच आजार झाला, तेव्हा प्रितीही शहाळं घेऊन भेटायला गेली होती. सगळ्या बायका तोंडानं धीर देत होत्या आणि डोळ्यांनी तिची छाती बघत होत्या. प्रितीनंही बघितली होती.

कात्रीनं वेणी कापेपर्यंत आनंदा बरा होता. वेणी हातात आली, तेव्हा ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ती तिच्या उशीवर ठेवली. मग डाव्या बाजूनं ट्रिमर फिरवला आणि कानामागं एक जुना व्रण दिसला, लहानपणी कधीतरी पडल्याचा. इतक्या वर्षांत त्याला तो माहीतच नव्हता. आनंदा मटकन खाली बसला आणि रडायला लागला. पुरुष रडतात तसं आवाज गिळून नाही. चांगलं हमसून, हेल काढून.

"अहो, बाहेर ऐकू जाईल." प्रितीनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ही दुसरी चूक. बंद दार, आत रडणं आणि वर मोठ्यानं लावलेला टीव्ही. एवढं झाल्यावर चाळीला आणखी कसला पुरावा लागतो?

"आनंदा!" दारावर थाप पडली. शेजारच्या सुंदराबाई. वय सत्तरीचं, पण हात लोखंडी. स्वतःच्या जावयाला त्यांनी गॅलरीत सगळ्यांसमोर कानफटवलं होतं, ती गोष्ट अजून नव्या सुनांना सांगतात. "दार उघड! पोरीच्या अंगाला हात लावलास तर याद राख!"

"काही नाही मावशी," आनंदा आतून म्हणाला. रडून घोगरा झालेला आवाज बाहेर प्यायलेल्या माणसासारखा ऐकू गेला.

"काही नाही? मग ती का रडते? सुशांत, लाव रे फोन पोलिसांना!"

आनंदानं बाहीनं तोंड पुसलं. "तू मोरीत बस," तो हळूच म्हणाला. "मी बाहेर जातो. सांगतो, भांडण झालं, हात उचलला म्हणून."

"वेडे झालात का?"

"शिव्या घालतील. कोणीतरी एखादी ठेवून देईल. तुझं तरी कळणार नाही कोणाला."

प्रिती त्याच्याकडे बघत राहिली. या माणसानं कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. झुरळ मारायलासुद्धा तो तिलाच हाक मारायचा. आणि आता बायकोला मारणारा म्हणून चाळीत नाव करून घ्यायला निघाला होता. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यामागोमाग भडभडून आलं. तिनं टीव्ही बंद केला, उठली आणि कडी काढली.

पुन्हा थाप मारायला उचललेला सुंदराबाईंचा हात तसाच वर राहिला. त्यांच्या मागं फोन कानाला लावलेला पलीकडच्या खोलीतला सुशांत, त्याच्या मागं सगळी गॅलरी. दारात प्रिती, डाव्या बाजूनं डोकं उघडं पडलेली, उजवीकडे तुटके केस लोंबत असलेली. आणि आत चादरीवर ओल्या तोंडाचा आनंदा. हातातला ट्रिमर बंद करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"रडत होते ते हे, मावशी," प्रिती म्हणाली. "मी नाही."

सुशांतनं फोन खाली घेतला. सुंदराबाईंचा हातही हळूहळू खाली आला.

"कुठं गं?" त्यांनी विचारलं, ऐकू येईल न येईल असं.

प्रितीनं टॉवेलवरूनच छातीवर डावीकडे हात ठेवला. हाताबरोबर गॅलरीतल्या सगळ्या नजरा तिथं गेल्या. शहाळ्यांबरोबर येणारी तीच नजर. प्रितीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुंदराबाई तेवढ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या गर्रकन वळल्या. "काय जत्रा भरलीय इथं? निघा!" गॅलरीवर ओरडून त्या आत आल्या. त्या मजल्यावर कोणालाही दिवसा दार लावू न देणाऱ्या त्या बाईनं आपल्या हातानं दार लावलं आणि कडी घातली.

"दे ते मशीन इकडं. तुझ्यानं नाही व्हायचं," त्या आनंदाला म्हणाल्या. पदर खोचला. प्रितीला पुन्हा पाटावर बसवलं. उरलेल्या केसांवरून एकदा मायेनं हात फिरवला, तर ते सगळे मुठीत आले. सुंदराबाई मुठीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आनंदा," त्या म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज वाढव जरा."