सरासरी उत्तम आहे

चालायला शिकवणाऱ्या यंत्राने सकाळी भार्गवकाकांचा बरा होत आलेला गुडघा उलटा पिरगळला. काकांना एक्स-रेला पाठवून उपचारतज्ज्ञ मृण्मयी तणतणत यंत्र बनवणाऱ्या टिपणीसांच्या दवाखान्यातल्या खोलीत शिरली.

"यंत्राने असं का केलं?"

"सांगता येणार नाही," टिपणीस शांतपणे म्हणाले. "ते चुकतमाकत, बरोबर हालचालीला गुण मिळवत आपलं आपण शिकलंय. ते शिकत असताना आम्ही फक्त सरासरी गुणांची नोंद ठेवली. प्रत्येक हालचाल नोंदवत बसलो असतो, तर शिकवणं रेंगाळलं असतं. आणि मॅडम, सरासरी उत्तम आहे."

मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकांचा गुडघा सरासरीत नाही पिरगळला, खरोखर पिरगळलाय! यंत्राला पहिल्यापासून शिकवा. पण माझ्या पेशंटवर नाही."

तिने टिपणीसांना दंडाला धरून यंत्रापाशी नेलं. "बसा. पट्टे मी बांधते."

सगळे पेशंट बघत होते, त्यामुळे टिपणीसांना नाही म्हणता येईना. यंत्र अजून सुरूही झालं नव्हतं, पण गुडघ्यावरचा पट्टा आवळला गेला तसा त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घाईघाईने आपल्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावला.

"अरे, नोंदी चालू करा!" ते ओरडले. "सगळ्या! नुसतं बोट हललं तरी नोंदवा!"