धाकटीच्या टाळूवरची जागा

“सुई खोल जाऊ द्यायची नाही. रंग वरच्याच थरात बसला पाहिजे, नाहीतर पसरतो आणि निळा पडतो,” असं गोंदणाचं हे काम शिकवणाऱ्या बाई मला सांगायच्या.

आजारात केस गेलेल्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर मी तसेच हलक्या हाताने ठिपके दिले. बारीक कापलेले केस वाटावेत, इतके ते छान धरले. टाळूवर मात्र रंग टिकेना. दर खेपेला तेवढीच जागा कोरी व्हायची, आणि त्या जागेला पाच बोटं होती.

“कोणीतरी आशीर्वाद देतंय गं,” ती हसायची. “पण ताई, उद्या मी कामावर रुमाल न बांधता जाणार. तू शब्द दिलायस.”

आज दिव्याखाली पाहिलं, तर ती बोटं वाकली होती. काही घट्ट धरताना वाकतात तशी.

“जड वाटतंय का?” मी हळूच विचारलं.

“वाटतंय. तू थांबू नकोस. डोकं माझं आहे.”

सकाळचा जप झाला होता, तरी मी मनात पुन्हा नाव घेतलं. हातमोजे चढवले, नवी सुई लावली आणि त्या कोऱ्या बोटांतल्या करंगळीपासून सुरुवात केली.