तीन दिवसांची अक्षरं

काउंटरवर तीन कंपन्यांचे तीन लेबल प्रिंटर मांडून दुकानदार एकेकाचे गुणदोष सांगत होता. वीस वर्षं ऑफिसांना आणि दवाखान्यांना यंत्रं विकून त्याची जीभ या कामात तयार झाली होती.

"हा पहिला दिसायला देखणा, पण याचं छापायचं हेड लवकर जातं. यंत्र म्हणजे काही जावई नव्हे सिस्टर, दिसायला बरा असला की झालं! दुसरा दणकट, पण रोल त्याच कंपनीचा लागतो. तिसऱ्यात रिबन आहे, तिची शाई पट्टीवर उतरते. पहिल्या दोघांत शाईच नाही, नुसत्या उष्णतेनं पट्टी काळी होते."

सिस्टर हसल्या. त्या प्रसूती विभागाच्या प्रमुख होत्या, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. नवजात बाळांच्या मनगटावरच्या पट्ट्या छापणारं त्यांचं जुनं यंत्र कालच बंद पडलं होतं.

तेवढ्यात दुकानदाराची बायको आत आली. सकाळी तो घराची किल्ली खिशात घालून निघून आला होता.

"अहो, किल्ली."

त्यानं किल्ली दिली. ती वळली, आणि काउंटरवरची नमुन्याची पट्टी बघून थांबली. बोटभर रुंदीची, मऊ, पांढरी पट्टी.

"आम्हाला जुन्यासारखाच, बिनरिबनचा द्या," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फाइलमधून एक जुना कागद काढला. "नऊ वर्षांपूर्वीचं कोटेशन आहे, तुमचंच. खाली तुम्ही हातानं लिहिलंय बघा. 'बाळ तिसऱ्या दिवशी घरी जातं. रिबनची गरज नाही.' खरंच आहे की. घरी गेल्यावर पट्टी कापूनच टाकतात."

दुकानदारानं कागद हातात घेतला. अक्षर त्याचंच होतं. 'हो, तोच देतो,' एवढंच म्हणायचं होतं, पण त्यानं आधी बायकोकडे पाहिलं.

"सगळेच कापून टाकत नाहीत," बायको म्हणाली.

सिस्टरनी वर पाहिलं.

"आमच्या बाळाची काढून माझ्या हातात दिली होती. तिसऱ्याच दिवशी. तुमच्याच दवाखान्यात." तिचा आवाज शांत होता, आठ वर्षांत तो तसा झाला होता. "त्यावर माझं नाव होतं. तारीख, वेळ, वजन. त्याचं नाव अजून ठेवलंच नव्हतं."

सिस्टरनी फाइल मिटली.

"पण मला मेलीला ती जपता आली नाही. रोज काढून बघायचे, अक्षरांवरून बोट फिरवायचे. हे कितीदा म्हणायचे, ठेवून दे म्हणून. पुसट होत होत एके सकाळी पट्टी कोरी झाली. माझ्याच हातांनी पुसून टाकलं त्याला."

"अहो, नाही हो वहिनी!" सिस्टर चटकन पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असं मनाला लावून घेऊ नका. ती बिनशाईची छपाईच तशी असते. आमच्या कपाटात बंद ठेवलेली लेबलंसुद्धा दोन-तीन वर्षांत कोरी होतात, कुणी बोटही लावत नाही त्यांना. विचारा ना यांना. यांचा तर धंदाच आहे हा."

सिस्टरनी हे तिच्या भल्यासाठीच सांगितलं.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "खरं का हो?"

"हो."

"तेव्हाही ठाऊक होतं तुम्हाला?"

त्या सकाळी ती कोरी पट्टी उराशी धरून ऊर फुटेस्तोवर रडली होती. 'मीच पुसलं, मीच पुसलं,' म्हणत होती. तो शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला होता. कागदच तसा असतो, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. मग ते यंत्र कुणी विकलं, हेही सांगावं लागलं असतं. 'जाऊ दे,' एवढंच तो म्हणाला होता.

"होतं," तो म्हणाला.

"पाच वर्षं मी त्या पट्टीला हात लावला नाही हो." ती आरडाओरडा करत नव्हती. समजून घेतल्यासारखी सावकाश बोलत होती. "पेटी उघडायचे आणि तशीच बंद करायचे. उरलंसुरलंही माझ्या हातानं जाईल म्हणून."

किल्ली घेऊन ती निघून गेली. सिस्टरनी तिसऱ्या यंत्रावर बोट ठेवलं, "हा पाठवून द्या," म्हणाल्या, आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरल्या.

भर दुपारी दुकानाला कुलूप लावून तो घरी आला. दार उघडंच होतं. पेटीतले कपडे पलंगावर पसरले होते आणि ती खाली फरशीवर बसली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली. तिच्यातून पांढऱ्या पट्टीचं टोक तेवढं दिसत होतं.

तो शेजारी बसला. "माझं चुकलं," म्हणाला.



"वजन किती होतं, आठवतं?" तिनं विचारलं.

"एक किलो नऊशे."

"नऊशे दहा," ती म्हणाली.

त्यानं आपला हात पुढे केला, तळवा वर करून तिच्या गुडघ्यापाशी ठेवला. तिनं तो पाहिला. मूठ मात्र उघडली नाही.