ओ म्हणायच्या आत

“उलटं पायजे, दादा,” बायनाबाई म्हणाली. “जरा हळू उठू द्या त्याला.”

सेलूच्या एसटी स्टँडसमोर सुगतच्या दुकानावर पाटी होती, ‘स्लो कॉम्प्युटर फास्ट करून मिळेल’. झाकण उघडल्यावर मशीन जागं व्हायला वेळ घेतं, ही गिऱ्हाइकांची नेहमीची रड. तो वेळ कमी करण्यावरच त्याची चूल पेटायची. वेळ वाढवून मागणारी ही पहिलीच बाई. तो हसला, आणि तिच्या मागे उभ्या किशनरावांचं तोंड पाहून त्याला आपल्या हसण्याची लाज वाटली.

नवरा-बायको वालूरहून आले होते. लॅपटॉप त्यांच्या लेकाचा, बजरंगचा. बायनाबाईनं तो पदरात गुंडाळून आणला होता.

“भरतीच्या फॉर्मसाठी ह्याच्यावरच फोटो काढायला बसला होता,” ती म्हणाली. “मी चुलीपासून हाक मारली. तो असा वळला.” तिनं मान वळवून दाखवली. “त्याचं चित्र तितंच अडकलं बगा. मंग झाकण लावून म्हणला, आलो आत्ता. अन् मोटारसायकल काढली.”

पुढचं तिनं सांगितलं नाही. किशनरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“उघडलं का आधी अंधार पडतो, मंग तो दिसतो. मी हाक मारते. पण ओ म्हणायच्या आतच जातो, अन् ते कुलूप येतं.”

कुलूप म्हणजे पासवर्डची चौकट. पासवर्ड बजरंगलाच ठाऊक.

“मावशी, मोबाईलमधी त्याचा फोटो काढून देतो. कायमचा राहील.”

“फोटो लय हाईत घरी. फोटोत तो उठत न्हाई.”

सुगतनं मग खरं ते सांगितलं. ते चित्र कुठं साठवलेलं नाही, नुसतं मेमरीत आहे. मशीन झोपलं तरी मेमरीला विजेचा घोट लागतो, तो तुटला की सगळं पुसलं. हळू करायचं तर आधी मशीन बंद करावं लागेल, म्हणून हळू करायच्या वाटेला जायला नको. बॅटरी मात्र फुगली होती, ती बदलायलाच हवी, नाहीतर गावात लाईट गेली की संपलं. चार्जरची वायर लावलेली ठेवून तो बॅटरी बदलणार होता.

“झाकण लावल्यावर जरा निजू द्या,” बायनाबाई म्हणाली. “बाजूचा दिवा लुकलुकाया लागला का मंगच उघडायचं. न्हाईतर उठत न्हाई.”

बॅटरी काढताना तिला बघवणार नव्हतं. ती समोरच्या रसवंतीच्या सावलीत दुकानाकडं पाठ करून बसली.

सुगतनं मशीन पालथं घालून बॅटरी सोडवली. आता सगळा जीव एका वायरीवर होता.

किशनराव काउंटरला टेकले. “भाऊ, ती वायर काढा.”

सुगतला आधी कळलंच नाही.

“लाईट गेली म्हणा. मी बी तेच सांगतो. दिवसभर उघडायली अन् झाकायली. तव्यावर भाकर जळती, हिला पत्ता न्हाई. हाक मारती अन् कान लावून बसती. लेकरू तर गेलं, आता ही बी चालली. काढा, तुमच्या पाया पडतो.”

सुगतचा हात वायरीपर्यंत गेला. म्हातारा वाईट मागत नव्हता. बाईला कधी कळणारही नव्हतं, आणि त्याचंच सुगतला जास्त भ्या वाटलं.

“काका, तुमी बघितलंय का त्याला?”

“न्हाई. कामून बघू?”

“एकदा बघा. मंग वायर तुमीच काढा.”

त्यानं मशीन सुलटं केलं आणि झाकण उघडलं. किशनरावांनी वायर मुठीत धरली होती. पडदा काळाच. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. ही वाट बघणं सुगतच्या रोजच्या धंद्यातलं, पण आज त्याला ती सोसेना.

मग बजरंग आला. केस नीट विंचरलेले, मान जरा वळलेली, ओठ नुकते उघडलेले. अंगातला पांढरा शर्ट खांद्यावर ढगळ होता.

“माझा शर्ट घातलाय,” किशनराव म्हणाले. तोवर पासवर्डची चौकट आली होती.

त्यांची मूठ उघडली. वायर जागच्या जागी होती. त्यांनी दोन्ही हातांनी झाकण खाली आणलं, आवाज होऊ न देता. सुगतनं मशीन अलगद उलटून नवी बॅटरी सरकवली. ती खट्‌ करून बसली तसे किशनराव दचकले, आणि त्यांनी रागानं त्याच्याकडं पाहिलं.

बाजूचा दिवा लुकलुकायला लागला.

बायनाबाई दारात येऊन उभी होती. आत यायचं तिला धाडस होईना. “झालं का वो?” तिनं तिथूनच विचारलं.

किशनरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “आत्ताच निजलाय.”