निरोपाची साक्ष

जुनं गाव सोडताना फिटरने चर्चमध्ये उभं राहून सगळ्या मंडळीसमोर साक्ष दिली होती, "ही नोकरी देवानेच दिलीय. आता आमचं चांगलंच होणार." नव्या घरातली खोकी उघडून व्हायच्या आत बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून दर रविवारी जुन्या चर्चच्या पाळकांचा फोन आला की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? आपली साक्ष खोटी पडेल ती पडेल, वर लोक देवाला नावं ठेवतील.

आजचा फोन नेमका डायलिसिस चालू असताना आला.

"सगळी देवाची कृपा आहे, पाळकसाहेब."

"मागे आवाज कसला येतोय?"

"वॉशिंग मशीन," त्याने ठोकून दिलं.

बायकोने सुई नसलेला हात लांब केला आणि फोन काढून घेतला.

"पाळकसाहेब, माझ्या किडन्या गेल्यात. पण आधी यांच्यासाठी प्रार्थना करा. चार महिने देवाची अब्रू झाकता झाकता, त्याच्याकडे माझ्यासाठी एक शब्द टाकायचं यांच्याकडून राहूनच गेलंय."